ओपिऑइड उपचारातील गर्भिणी : नवजाताच्या परिचर्येसाठी मातेची पूर्वसिद्धता

गर्भिणी परिचर्येचे वर्णन करताना चरकाचार्यांनी गर्भिणीला काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. ते पात्र हिंदकळू न देता जसे न्यावे, तसे तिला जपावे, हा त्यातील आशय आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहे. प्रस्तुत लेखात ज्या गर्भिणीचा विचार करावयाचा आहे, तिचे पात्र हिंदकळण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. आणि तिला धक्का देणारे हात पुष्कळदा हितचिंतकांचेच असतात. ही गर्भिणी म्हणजे अफू, गर्द, ट्रॅमाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे अशा एखाद्या द्रव्याच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी मेथाडोन अथवा बुप्रिनॉर्फिन हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घेणारी स्त्री होय.

अशी रुग्णा आपल्या चिकित्सालयात कोठून येणार, असा प्रश्न काही वैद्यबंधूंच्या मनात येईल. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.०६ टक्के म्हणजे जवळजवळ २ कोटी २६ लाख भारतीयांनी ओपिऑइड द्रव्यांचे सेवन केले होते. मिझोराम, नागालँड, मणिपूर, सिक्कीम व अरुणाचल प्रदेश येथे हे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आढळले. सेवन करणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांच्या मानाने फार थोड्या. परंतु त्यामुळेच त्या अधिक लपून राहतात. शिवाय व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढण्यास संकोचणारी स्त्री गर्भिणी झाल्यावर घरच्यांबरोबर वैद्याकडे मात्र निःसंकोचपणे येते. तेव्हा हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा मानून चालणार नाही.

बाळाला नेमके काय होते?

शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग व अहिफेन यांचा निर्देश केला आहे. सर्व शरीर वेगाने व्यापणारे हे द्रव्य अपरा ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते आणि गर्भाची मज्जासंस्था त्याला सरावते. नाळ कापली जाताच हा पुरवठा एकाएकी थांबतो व बाळात विथड्रॉवलची लक्षणे उत्पन्न होतात. तीक्ष्ण स्वराचे अखंड रडणे, हातापायांना कंप, अंग ताठ होणे, झोप न लागणे, वारंवार शिंका व जांभया, नाक चोंदणे, अधाशीपणे चोखणे पण दूध नीट न ओढणे, उलटी, पातळ मल, त्यामुळे ढुंगणाची त्वचा सोलवटणे, वजन घटणे, ज्वर, आणि थोड्या बाळांत आक्षेप, अशी ही लक्षणे आहेत. हेरॉईनच्या बाबतीत ती बहुधा पहिल्या २४ तासांत, तर मेथाडोन व बुप्रिनॉर्फिनच्या बाबतीत साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, क्वचित त्याहूनही उशिरा प्रकट होतात. म्हणून अशा बाळाला ४ ते ७ दिवस रुग्णालयातच निरीक्षणाखाली ठेवावे लागते. प्रसूती सुखरूप झाली, बाळ दिसायला छान आहे, असे म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी नेणे घातक ठरू शकते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात. पहिली अशी, की हे बाळ ‘व्यसनी’ नव्हे. व्यसनात लालसा असते, हेतू असतो. बाळाच्या ठिकाणी केवळ शरीराचे सात्म्य असते. दुसरी अशी, की मातेच्या औषधाची मात्रा जितकी मोठी तितका बाळाचा त्रास मोठा, असे सरळ गणित नाही. हे ठाऊक नसल्याने अनेक माता शेवटच्या महिन्यांत स्वतःच्या मनाने गोळी कमी करतात. वस्तुतः तिसऱ्या त्रैमासिकात शरीरातील बदलांमुळे मेथाडोनची मात्रा पुष्कळदा वाढवावी अथवा दोनदा विभागून द्यावी लागते.

औषध बंद करण्याचा मोह

गर्भारपणात कोणतेही औषध नको, हा विचार कुटुंबीयांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि ‘आयुर्वेदाने शरीर शुद्ध करून द्या’ अशी विनंती घेऊन ते आपल्याकडेच येतात. येथे वैद्याची कसोटी लागते. ओपिऑइड एकदम थांबविल्यास गर्भपात, अकाल प्रसूती व गर्भाची घुसमट यांचे भय असते. पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असते, आणि सहनशक्ती घटलेल्या शरीरात पूर्वीचीच मात्रा गेल्यास ती प्राणघातक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत, अशा गर्भिणीला व्यसनद्रव्य सोडविण्याच्या खटपटीपेक्षा मेथाडोन अथवा बुप्रिनॉर्फिनवर स्थिर ठेवावे, असेच सांगितले आहे.

आपल्या शास्त्राशीही याचा विरोध नाही. सात्म्य झालेले अहितकर द्रव्यसुद्धा एकदम न सोडता पादांशिक क्रमाने सोडावे, हा चरकाचा दंडक आहे. परंतु त्याचा आधार घेऊन गर्भारपणातच मात्रा उतरवू लागणे हा विपर्यास होय. क्रम योग्य असला तरी काळ योग्य नाही. काळाचा विचार न करता केलेली चिकित्सा ही चिकित्साच नव्हे. शोधनकर्म तर गर्भिणीस वर्ज्यच आहे. तस्मात्, उपचार केंद्राने दिलेले औषध सुरू ठेवण्यास तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते.

मेथाडोन की बुप्रिनॉर्फिन, हा निर्णय त्या केंद्राच्या तज्ज्ञांचा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात बुप्रिनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना मॉर्फिन ८९ टक्के कमी लागले व रुग्णालयातील वास्तव्य सरासरी १७.५ दिवसांवरून १० दिवसांवर आले. तरीही मेथाडोनवर स्थिर असलेल्या स्त्रीचे औषध गर्भारपणात केवळ या आकड्यांवरून बदलले जात नाही, हे ध्यानात घ्यावे.

अमेरिका व कॅनडातील अनुभव

या बाळांची संख्या अमेरिकेत व कॅनडात फार मोठी असल्याने परिचर्येतील महत्त्वाचे बदलही तेथेच घडले. १९७५ मध्ये डॉ. लोरेटा फिनेगन यांनी लक्षणांची गुणपत्रिका तयार केली. बाळाला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावे, दर तीन-चार तासांनी लक्षणांना गुण द्यावेत व गुण वाढल्यास मॉर्फिन सुरू करावे, ही पद्धती पुढे अनेक दशके रूढ राहिली. तीत लक्षणे नीट मोजली जात. परंतु बाळ प्रखर प्रकाशात, यंत्रांच्या आवाजात आणि आईपासून दूर राही.

कॅनडातील व्हँकुव्हर येथे महिला रुग्णालयाच्या फर स्क्वेअर विभागात २००३ पासून माता व बाळ एकाच खोलीत ठेवण्यास प्रारंभ झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बाळांना औषधाची गरज कमी पडली, आणि आईच्याच ताब्यात घरी जाणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ येथील बालरुग्णालयाने याला प्रसूतिपूर्व शिक्षणाची जोड दिली. औषध लागणाऱ्या बाळांचे प्रमाण ४६ वरून २७ टक्क्यांवर आणि औषध लागलेल्या बाळांचे वास्तव्य सरासरी १६.९ वरून १२.३ दिवसांवर आले. येल विद्यापीठाच्या बालरुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन व सहकाऱ्यांनी गुणपत्रिकेच्या जागी तीन साधे प्रश्न आणले : बाळ पुरेसे दूध पिते काय? सलग तासभर झोपते काय? रडू लागल्यास दहा मिनिटांत शांत होते काय? मेथाडोनच्या संपर्कातील बाळांचे तेथील वास्तव्य २२.४ वरून ५.९ दिवसांवर, तर मॉर्फिन लागण्याचे प्रमाण ९८ वरून १४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील २६ रुग्णालयांत याच पद्धतीची परीक्षा झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळ घरी जाण्यास योग्य होण्याचा काळ १४.९ वरून ८.२ दिवसांवर आणि औषधाची गरज ५२ वरून १९.५ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

या आकड्यांतून एकच गोष्ट सिद्ध होते : या बाळाचे पहिले औषध त्याची आई आहे. पण हे औषध प्रसूतीच्या दिवशी एकाएकी सिद्ध होत नाही. त्यावर आधी संस्कार करावे लागतात, आणि त्यासाठी गर्भारपणाचे महिने हाताशी असतात.

आपल्या संहितांतील सूत्रे

बाळाला सुखकर रीतीने धरावे, त्याला दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, झटक्याने उचलू नये, असे सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहे. रडणाऱ्या बाळाला भीती घालू नये, असे चरक बजावतो. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात बोलू न शकणाऱ्या बाळाची पीडा त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी याचे विवेचन आहे. सर्व काही आपल्याकडे होतेच, असा निष्कर्ष यावरून काढणे आम्हास मान्य नाही. त्या आचार्यांसमोर ही व्याधी नव्हती. तथापि बाळाकडे पाहण्याची ही दृष्टी आपल्याला अपरिचित नाही, आणि आपल्या भाषेत ती मातेपर्यंत पोहोचविणे वैद्याला सहज शक्य आहे.

पूर्वसिद्धता : महिनोमहिने

पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिला संवाद करावा, तो एकांतात. बाळाला लक्षणे दिसण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे, ती औषध घेतल्याचा दंड नसून अपेक्षित व उपचारसाध्य गोष्ट आहे, हे तिला प्रथम आपल्याच तोंडून कळावे. बाळाचे रडणे ज्या मातेला अकस्मात ऐकावे लागते, ती त्यास स्वतःच्या पापाचे फळ मानून दूर सरते. जिला हे आधी ठाऊक असते ती जवळ घेते.

सातव्या महिन्यात प्रसूतीचे स्थळ निश्चित करावे. पहिल्या बाळंतपणास माहेरी जाण्याची आपली रीत येथे अडचणीची होऊ शकते. आपल्या देशात हे औषध बहुधा केंद्रातच रोज समक्ष दिले जाते. केंद्र सासरच्या शहरात आणि माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नेमक्या नाजूक काळात औषध तुटते. शिवाय माहेरी ही गोष्ट ठाऊक नसेल, तर ती लपविण्यासाठीही औषध सोडले जाते. म्हणून स्थलांतरापूर्वी केंद्राशी बोलून औषधाची सोय लावावी, अन्यथा केंद्राजवळच प्रसूती व्हावी. जवळचे केंद्र ठाऊक नसल्यास १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेवर चौकशी करता येते.

आठव्या महिन्यात एक चिठ्ठी तयार करून तिच्या प्रसूतीच्या कागदपत्रांत ठेवावी. तीत औषधाचे नाव, मात्रा, केंद्राचा दूरध्वनी आणि दोन सूचना असाव्यात. पहिली : कळा शमविण्यासाठी पेंटाझोसिन अथवा ब्युटोर्फॅनॉल देऊ नये, कारण त्यामुळे मातेला तीव्र विथड्रॉवल होऊ शकते. दुसरी : बाळाला नॅलॉक्सोन देऊ नये, त्यामुळे आक्षेप येऊ शकतात. ही चिठ्ठी प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्या संमतीने तयार व्हावी. माता व बाळ एकत्र ठेवण्याची सोय आहे काय, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

नवव्या महिन्यात प्रत्यक्ष अभ्यास करवून घ्यावा. उशी अथवा बाहुली घेऊन पुढील गोष्टी शिकवाव्यात :

१. उघड्या छातीवर बाळाला त्वचेशी त्वचा लावून धरणे व वरून पांघरूण घेणे.

२. हात छातीशी येतील असे, पण कंबर व पाय मोकळे हलतील इतपत सैल, दुपट्यात गुंडाळणे.

३. मंद प्रकाश, हळू आवाज, आणि एका वेळी एकच उत्तेजन : पाजताना बोलू नये, झुलविताना गाऊ नये.

४. भुकेची पहिली चिन्हे ओळखून थोडे थोडे, वारंवार पाजणे.

५. रडणे असह्य झाल्यास बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून काही मिनिटे बाजूला होणे व दुसऱ्यास बोलाविणे. बाळाला गदागदा हलवू नये.

६. झोप अनावर होत असल्यास बाळाला कुशीत न घेता स्वतंत्र पाळण्यात पाठीवर ठेवणे.

हा पाठ एकट्या गर्भिणीला न देता सासू, आई अथवा पती यांपैकी तिने निवडलेल्या एका व्यक्तीसही द्यावा. सतत रडणाऱ्या बाळाला चोवीस तास एकटी माता सांभाळू शकत नाही.

स्तन्यपान

औषध घेणाऱ्या मातेने पाजू नये, असा समज सार्वत्रिक आहे. मेथाडोन व बुप्रिनॉर्फिन दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात, आणि स्तन्यपान घेणाऱ्या बाळांत लक्षणे सौम्य राहतात. म्हणून उपचारावर स्थिर असलेल्या मातेस पाजण्यास प्रोत्साहनच द्यावे. ती अद्याप गर्द अथवा अन्य मादक द्रव्य घेत असेल तर मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याविना पाजू नये. एचआयव्ही असल्यास एआरटी केंद्राचा सल्ला प्रमाण मानावा. हेपटायटिस सी असता पाजता येते, परंतु स्तनाग्रे चिरून रक्त येत असल्यास ती बरी होईपर्यंत थांबावे. पुढे दूध तोडताना ते एकदम न तोडता हळूहळू तोडावे.

काय देऊ नये, काय करू नये

या शीर्षकाखालील मजकूर आपल्यापैकी काहींना रुचणार नाही, तरी तो लिहिणे आवश्यक आहे. रडणाऱ्या बाळासाठी घरचे लोक गुटीकडे वळतात. या बाळाला जायफळ उगाळून देऊ नये. ग्राइप वॉटर, घुटी, मध, आसव यांपैकी काहीही देऊ नये. एक वर्षाखालील बाळास मधातून बोट्युलिझमचा धोका असतो. जातकर्मातील चाटणाविषयी कोणाचे मत काहीही असो, या बाळाच्या पोटात सहा महिने दुधाखेरीज आणि बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या औषधाखेरीज काही जाऊ नये. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या गिरण्यांतील कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत असत. बाळ शांत होई, पण त्याची किंमत मोठी होती. विथड्रॉवलमधील बाळ अफूने खरोखरच शांत होते, म्हणून कोणा जाणत्या म्हातारीला ही जुनी युक्ती आठवू शकते. मॉर्फिन देण्याची वेळ आलीच तर ते रुग्णालयात, मोजून व श्वासावर लक्ष ठेवूनच दिले जाते.

पहिले काही आठवडे मालीश करणाऱ्या बाईकडून ताठरलेल्या अंगाला जोराचे मर्दन, हातपाय ताणणे, कडकडीत पाण्याचे स्नान व धुरी टाळावी. तेल लावावयाचेच तर मातेने स्वतः, हलक्या हाताने, बाळ स्वस्थ असताना आणि बालरोगतज्ज्ञांच्या अनुमतीने लावावे. बारशाचा गलबला, प्रखर दिवे आणि बाळाला या हातातून त्या हातात देणे, हे सर्व दोन-तीन महिने पुढे ढकलता येते. झोपेची तक्रार व चिडचिड कित्येक आठवडे रेंगाळते, हे नातेवाइकांना आधी सांगून ठेवावे.

प्रत्येक रडणे विथड्रॉवलचे नसते. ज्वर, आक्षेप, श्वासाचा त्रास, निळेपणा, अतिनिद्रा, दूध न घेणे, वारंवार उलट्या वा जुलाब, लघवी कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे.

फार्मसीधारकांसाठी

हा विषय आपल्या कपाटापर्यंतही येतो. कामिनीविद्रावण रस, कर्पूर रस, दुग्धवटी, निद्रोदय रस, अहिफेनासव या कल्पांत अहिफेन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये अहिफेनाचा समावेश असून अशा कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. कामिनीच्या गोळ्यांचे व्यसन जडलेल्या व बुप्रिनॉर्फिनने उपचार करावे लागलेल्या रुग्णांच्या नोंदी ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्या गोळ्या आपल्याच देशातून गेलेल्या होत्या. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य अशा डबीवर लागू पडत नाही. चिठ्ठीविना विक्री नको, गर्भिणीस तर नकोच. आणि एखादी स्त्री असे कल्प पुष्कळ दिवस घेत असल्याचे कळल्यास ते एकदम बंद न करविता तिला तज्ज्ञाकडे पाठवावे. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे, हे ॲलोपॅथिक औषधेही विकणाऱ्या बंधूंनी स्मरणात ठेवावे.

समारोप

या रुग्णेला आपण द्यावयाच्या औषधांची यादी या लेखात नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ती जाणीवपूर्वक दिलेली नाही. तिचे औषध दुसरीकडे सुरू आहे आणि ते चालू राहणे हेच हिताचे आहे. आपण तिला द्यावयाचे ते ज्ञान, अभ्यास, एक चिठ्ठी आणि प्रसूतीनंतरही उघडे राहणारे दार. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत व्यसन उलटण्याची भीती सर्वाधिक असते. त्या काळात बाळाला पाहण्याच्या निमित्ताने तिला दर पंधरवड्यास बोलवावे, औषध सुरू आहे ना एवढे विचारावे, आणि बाळ शांत निजले असेल तर ते तिच्यामुळे निजले आहे, हे तिला सांगावे. चिकित्सेच्या चतुष्पादांत परिचारक हा एक पाद आहे. या व्याधीत तो पाद म्हणजे स्वतः माता होय, आणि तिला सिद्ध करणे हे भिषकाचे काम आहे.